डावा दिवा पिवळा

१

दादाला कालव्यातून वर काढलं तेव्हा गाडीचा डावा दिवा अजून चालू होता. पिवळाधमक. माणूस गेला, गाडी गेली, उजव्या दिव्याचा चुरा झाला, आणि हा एकटा पाण्याखाली बसून इमानेइतबारे रस्ता दाखवत होता. मासे जमले होते बघायला. काठावरचा बल्बवाला न राहवून बोलला, "वॉटरप्रूफ आहे म्हणून घसा फोडून सांगत होतो, कोणाला पटतच नव्हतं." त्यावर दादाच्या धाकट्या भावाने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला, की बल्बवालाही वॉटरप्रूफ आहे का ते तपासायची वेळ आली असती.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, दार उघडून झुडपात फेकली गेली म्हणून वाचली. हात प्लास्टरमध्ये, तोंडभर ओरखडे. ती एकच धोशा लावून बसली होती.

"समोरून गाडी आली. डोळ्यांत दिवे मारले. तिला चुकवायला ह्यांनी गाडी वळवली. कोण होता तो? मला बाकी काही नको, नाव सांगा त्याचं."

आता समोरून आलेली ती गाडी कोणाला सापडेना. तो रस्ता सरळ येतो आणि एका दुकानावर जाऊन आदळणार असं वाटेपर्यंत एकदम उजवीकडे वळतो. दुकानाच्या डाव्या अंगाला कालवा. वळणाच्या पलीकडे पंक्चरवाला बसतो. तो शपथेवर म्हणाला, "माझ्यासमोरून त्या वेळी एकही गाडी गेली नाही." पण पंक्चरवाला डोळे उघडे ठेवून झोपतो हे जगजाहीर, त्यामुळे त्याची शपथ कोणी जमेस धरली नाही.

म्हणजे गाडी आली, दादाला कालव्यात घातलं, आणि हवेत विरली.

२

त्या दिव्यांची हकिगत आधी सांगायलाच हवी.

गावात प्रथम कोणा एकाने गाडीला जोरदार दिवे बसवले. त्याच्या उजेडाने ज्याचे डोळे दिपले, त्याने सूड म्हणून त्याच्याहून जोरदार बसवले. मग तिसऱ्याने. होता होता अशी वेळ आली की रस्त्यावर सगळ्यांकडे भरपूर उजेड होता आणि कोणालाच काही दिसत नव्हतं. लोक दिवेलागणीला घराबाहेर पडताना हातातल्या पिशवीने डोळे झाकायचे. भाजीपेक्षा पिशवीचा उपयोग त्यालाच जास्त.

ह्या सगळ्याचा आद्य गुरू बल्बवाला. गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवून तो केल्विन शिकवायचा.

"उजेड किती, ते वेगळं. उजेडाचा रंग कुठला, तो केल्विन. तीन हजार म्हणजे पिवळा, धुक्यापावसात बरा. साडेचार-पाच हजार म्हणजे दुपारचं ऊन. सहा हजार पांढराशुभ्र. आठ हजार निळा. दिसायला झकास, दाखवायला भिकार."

दादाला तीन हजार हवा होता. धाकट्याला सहा हजार. गाडी दोघांची मिळून एकच.

"अरे, गाडी आहे का ऑपरेशन थिएटर?" दादा म्हणायचा.

"आणि तुझ्या पिवळ्याने? लोक म्हणतील, गाडीला कावीळ झालीय."

दोघांनी बोलणं टाकलं. एका टेबलावर जेवायचे आणि मधे वहिनीला पोस्टमन करायचे. "वहिनी, दादाला सांग, पांढऱ्यात खड्डा लांबून दिसतो." "ह्याला सांग, खड्डा लांबून दिसला म्हणून बुजत नाही." असे तीन आठवडे गेले. शेवटी वहिनीने हातातला डाव आपटला. "एकेक लावा आणि गप्प बसा दोघं!"

बल्बवाल्याने मान डोलावली. कडेची माणसं-जनावरं दिसावीत म्हणून डावीकडे पिवळा बसवला, उजवीकडे पांढरा. दोन्ही त्याच्याकडचे सगळ्यात जोरदार. साडेचार हजाराचे दोन सारखे बल्ब लावून भांडण मिटलं असतं, हे कोणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी चाललं नसतं. त्यात दोघंही हरले असते.

गाडीचं नाव पडलं 'तिरळी'. आठवडाही झाला नव्हता, तोच तिरळी कालव्यात गेली.

३

विमा कंपनीने सर्व्हेअर बाई पाठवल्या. पन्नाशीच्या, पायात झिजलेल्या निळ्या चपला, बोलण्यात शब्द मोजून. जन्मभर चेपलेल्या गाड्या बघून बाईंचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. गाड्यांवरचा थोडा शिल्लक होता.

त्या वहिनीसमोर खुर्ची ओढून बसल्या. धाकटा दाराला टेकून उभा. चार दिवस दाढी नाही, पोटात अन्न नाही.

"समोरच्या गाडीचे दिवे कसे होते?"

"एक पिवळा, एक पांढरा. हे म्हणाले, 'हा बघ, आणखी एक तिरळा आला.'"

"पिवळा कुठल्या अंगाला?"

"माझ्या. मी डावीकडे बसले होते ना. पांढरा ह्यांच्या समोर. त्याच्यामागे गाडी आहे की हत्ती, काही म्हणता काही दिसेना."

"मग?"

"ह्यांनी अप्पर मारला. त्यानेही मारला. मग हे म्हणाले, मरू दे, आपण शहाणे होऊ, आणि दिवे खाली घेतले, डिपर केला. तर त्यानेही केला. तेव्हा ह्यांना वाटलं, हा वेडावतोय. पुन्हा अप्पर. त्याचाही अप्पर! क्षणाचा उशीर नाही हो बाई. इतका कसा माणूस तत्पर असतो उद्धटपणात?"

"हॉर्न?"

"ह्यांनी दाबून धरला होता. तो मेला वाजवेल तर शपथ."

"आणि शेवटी?"

वहिनीने प्लास्टरच्या हाताकडे बघितलं. "शेवटी ओरडले, 'ओळखला! ओळखला गं मी ह्याला!' आणि स्टिअरिंग फिरवलं."

मग धाकटा दारातून सरळ झाला.

"ओळखीचा माणूस. एक दिवा पिवळा, एक पांढरा. समोरून येणाऱ्या गाडीचा उजवा दिवा आपल्या डावीकडे येतो, बरोबर ना बाई? म्हणजे उजवा पिवळा. गावात अशी गाडी एकच आहे. दातांच्या डॉक्टरची."

त्याने कोपऱ्यातला चाकाचा पाना उचलला.

"भावजी, कुठे निघालात?"

"दात काढायला," धाकटा म्हणाला.

४

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याला आतून कडी घातली होती आणि कडीला खुर्ची लावली होती. दाराबाहेरच्या पायरीवर धाकटा पाना मांडीवर घेऊन बसला होता. नंबर लागलेल्या पेशंटसारखा, अगदी शांत. त्या शांतपणाचीच भीती वाटत होती.

"कधीतरी बाहेर येईलच," तो म्हणाला. "ज्या हातांनी स्टिअरिंग धरलं, ते हात मोडणार. मग मला कुठे न्यायचं तिथे न्या. घरी तरी कोण राहिलंय माझ्याशी न बोलायला?"

बाईंनी खिडकीशी तोंड नेलं. "डॉक्टर, त्या संध्याकाळी कुठे होतात?"

"इथेच!" आतून रडका आवाज आला. "ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर खुर्चीत होते. दाढ काढत होतो त्यांची. अपघाताची बातमी आली तेव्हा माझे दोन्ही हात त्यांच्या तोंडात होते. विचारा त्यांना!"

"आणि गाडीचा उजवा दिवा?"

"पांढरा उडाला म्हणून जुना पिवळा घातला हो! मला काय माहीत पिवळा रंग माझ्या मुळावर उठेल?"

बाई मास्तरांकडे गेल्या. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवणारे हेच, त्यामुळे गावातल्या निम्म्या अपघातांत त्यांचा वाटा. त्यांच्या गाडीला पुढे आठ दिवे. शिकाऊ माणसाला धीर यावा म्हणून. मास्तरांचा गाल पपनसाएवढा सुजला होता.

"मी त्या डॉक्टरकडे गेलोच नव्हतो," मास्तर सुजलेल्या गालातून म्हणाले. "त्याला ओळखतही नाही."

"मास्तर, एक माणूस तुमच्या साक्षीवाचून हातपाय मोडून घेणार आहे."

"घेऊ दे."

"गाल कशाने सुजला?"

"पडलो."

"तोंड उघडा."

जन्मभर लोकांना 'ब्रेक, ब्रेक!' ओरडून हुकूम सोडणाऱ्या मास्तरांना कोणी हुकूम सोडण्याची सवय नव्हती. त्यांनी गपकन तोंड उघडलं. खालच्या बाजूला एक ताजं भोक होतं, आणि त्याच्या शेजारी एक काळी, किडकी दाढ ऐटीत उभी होती.

बाईंनी बघितलं आणि मास्तरांचा बांध फुटला. "चांगली काढली हो त्याने! सडकी ठेवली, चांगली काढली! खुर्चीवरच्या दिव्यात बल्बवाल्याकडचा आठ हजाराचा बल्ब घातलाय गाढवाने. म्हणे, आधुनिक दिसतं. त्या निळ्या उजेडात म्हणे सगळ्या दाढा सारख्याच दिसतात! अशा माणसाला वाचवायला मी साक्ष देऊ?"

"दिलीत आत्ताच," बाई म्हणाल्या.

डॉक्टर सुटले. पण बाई रस्त्यावर येऊन थबकल्या. उजवा दिवा पिवळा असलेली गावातली एकुलती एक गाडी त्या वेळी दवाखान्यासमोर उभी होती. मग वहिनीने बघितली ती गाडी जगात होती कुठे?

५

वळणावरचं ते दुकान बल्बवाल्याचंच होतं. नवं. दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी उद्घाटन ठरलं होतं. बाई पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दुकानाच्या अख्ख्या दर्शनी भागावर, छपरापासून पायरीपर्यंत, काळं कापड सोडलेलं होतं.

"दुखवटा," बल्बवाला हात जोडून म्हणाला. "दादा माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक. इतकं भांडून बल्ब घेणारा माणूस पुन्हा होणे नाही."

"कापड कधी लावलंत?"

"त्याच संध्याकाळी. बातमी कळली आणि हातपायच गळाले."

"हातपाय गळालेल्या माणसाने एवढं कापड एकट्याने टांगलं?"

बल्बवाला हसायला गेला, ते जमलं नाही. "दुःखात बळ येतं मॅडम."

"गावात ह्याआधी कोणी गेलं तेव्हा किती टांगलं होतंत?"

"त्यांनी माझ्याकडून बल्ब..." तो थांबला.

वारा सुटला. कापडाची खालची कड वीतभर उचलली गेली. बाईंनी खाली बघितलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. कापडाच्या पलीकडे कोणीतरी उभं होतं. तोंड नाही, अंग नाही, नुसते पाय. पायांत झिजलेल्या निळ्या चपला.

बाईंनी उजवा पाय पुढे टाकला. पलीकडचा पायही पुढे आला.

"दवाखान्यासमोरच्या त्या पोराला इथे घेऊन या," त्या बल्बवाल्याला म्हणाल्या. "आणि वहिनींना. सगळ्यांना."

६

दिवेलागण व्हायला आली होती. वहिनी पायरीवर बसली, धाकटा पाना घेऊन उभा राहिला, डॉक्टर जरा लांब, पळायला सोईच्या जागी.

"भाऊ, माझ्यासमोर उभे राहा," बाई म्हणाल्या. "पाना कुठल्या हातात आहे?"

"डाव्या."

"मला तो माझ्या उजवीकडे दिसतोय. समोरासमोरच्या माणसांचं असंच होतं, गाड्यांचंही. म्हणून तुम्ही म्हणालात, वहिनींना डावीकडे पिवळा दिसला म्हणजे त्या गाडीचा उजवा पिवळा. हिशोब चोख होता. पण ती गाडी डॉक्टरांची नव्हती, आणि दुसरी अशी गाडी नाही. पंक्चरवाला म्हणाला, पलीकडून कोणी आलंच नाही. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, कारण तो झोपतो. पण झोपणारा माणूस खोटं बोलतोच असं नाही."

"मग काय भूत होतं?" धाकटा म्हणाला.

"अप्परला अप्पर, डिपरला डिपर, क्षणाचाही उशीर नाही. माणसाला राग यायला तरी थोडा वेळ लागतो हो. आणि एवढा भांडखोर, पण हॉर्न वाजवत नाही. ज्याला दिवे आहेत पण आवाज नाही, असा कोण?" बाईंनी कापडाची कड धरली. "आणि ज्याचा डावा हात आपल्या डाव्या हातासमोरच येतो, असा कोण?"

त्यांनी कापड ओढलं.

अख्खी भिंत काचेची होती, आरशाच्या काचेची. तिच्यात सरळ लांबवर गेलेला रस्ता होता, पायरीवर बसलेली वहिनी होती, आणि पाना धरलेला एक दाढी वाढलेला माणूस धाकट्याच्या अगदी समोर उभा होता. पान्यासमोर पाना.

"गिऱ्हाइकाला आपल्या गाडीचे दिवे बसल्या जागी बघता यावेत म्हणून," बल्बवाला पुटपुटला. "नाहीतर प्रत्येक जण विचारतो, कसे दिसतात, कसे दिसतात. त्या दिवशीच काचेवरचा कागद काढला होता. मी आत शिडीवर होतो."

"तुम्ही बघितलंत?"

"समोरच्या बाजूने आरसा असला तरी आतून आरपार दिसतं." त्याचा आवाज चिरकला. "दादाने अप्पर मारला तेव्हा मला वाटलं, मुद्दाम मला दाखवायला मारतोय. मी... मी टाळी वाजवली मॅडम. म्हटलं, वा, काय फोकस पडलाय!"

मग डॉक्टर लांबूनच म्हणाले, "पण आपली गाडी आपल्याला दिसणार नाही का?"

"जुने मिणमिणते बल्ब असते तर दिसली असती. ह्या दिव्यांच्या मागचं काहीच दिसत नाही. म्हणून तर सगळे घेतात." बाई वहिनीकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना शब्द शोधावे लागले. "समोर आपलीच तिरळी आहे, हे त्यांनी शेवटी बरोबर ओळखलं होतं. एक पिवळा, एक पांढरा, आणि पिवळा आपल्याच अंगाला. दोन्ही दिवे सारखे असते तर तेवढंही ओळखता आलं नसतं. फक्त... काच तोपर्यंत जवळ आली होती."

धाकट्याच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला आणि त्याने पाना उगारला. आरशातल्या माणसानेही उगारला. दोघांनी एकदम घातला. दणका असा बसला की पाना हातातून उडून डॉक्टरांच्या पायाशी पडला. काचेला ओरखडाही नाही.

"टफन्ड आहे," बल्बवाला सवयीने बोलून गेला, आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून तिथेच बसला.

धाकटा काचेला कपाळ टेकून उभा राहिला. "पांढराच हवा म्हणून मी हटून बसलो, वहिनी. तो पांढराच त्याच्या डोळ्यांत गेला."

"आणि एकेक लावा कोण म्हणालं?" वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं; रडं कुठल्या कुठे आटलं होतं. "चार दिवस मी एका माणसाला शिव्या घालतेय भावजी. सकाळी उठल्यापासून. त्याच्यावरच जगतेय मी. मेलेल्याला दोन घास नेमाने वाढावेत, तशा शिव्या घालतेय. आता कोणाला घालू?"

सर्व्हेअर बाईंनी आपल्या चपलांकडे बघितलं. आरशातल्या बाईनेही बघितलं.

आणि तेवढ्यात मागून अख्खा रस्ता उजळला.

मास्तरांची गाडी येत होती, शिकाऊ माणूस चाकावर. आठ दिवे. आणि समोरून, काचेतून, तेवढेच आठ. गाडीने अप्पर मारला. काचेने मारला. हॉर्न सुरू झाला, लांबलचक, संतापलेला. धाकटा हात हलवत रस्त्यावर धावला, डॉक्टर किंचाळले, बाई पडलेलं कापड उचलू लागल्या आणि त्यात पाय अडकून पडल्या. उजेड एवढा होता की त्यातलं कोणीही मास्तरांना दिसत नव्हतं. एकटी वहिनी पायरीवरून हललीसुद्धा नाही. बघत राहिली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला मास्तरांच्या बाजूलाही ब्रेक असतो. मास्तर त्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले. चाकं किंचाळली, गाडी तिरकी झाली आणि पायरीपासून हातभर अंतरावर थांबली.

तिरळीत वहिनीच्या बाजूला ब्रेक नव्हता.

मास्तरांनी सुजलेलं तोंड खिडकीबाहेर काढलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोरचं अजून काही दिसत नव्हतं.

"कोण होता तो?" ते थरथरत ओरडले. "कोण हरामखोर होता समोरून? दिवे मारतो डोळ्यांत! मला नाव सांगा त्याचं!"

वहिनी प्लास्टरचा हात सावरत उठली आणि खिडकीपाशी गेली.

"ओळखाल मास्तर," ती म्हणाली. "थोडा उशीर होतो, एवढंच."